हूबाचेक पळाला असता का?

अल्विन ह्यूबर्ट केसेनिक. जन्म १९२२, मृत्यू १९९६. दोन्ही शेबॉयगन, विस्कॉन्सिन येथे. जन्म अगदी वेळेवर झाला, असे त्यांची आई सांगत असे. मृत्यूविषयी तसे म्हणवत नाही, कारण त्या वेळी त्यांच्या बाबतीतला एक निकाल प्रलंबित होता आणि कोणतीही गोष्ट प्रलंबित ठेवून उठणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

नोकरी त्यांनी आयुष्यभर एकच केली. सरोवराकाठच्या एका कारखान्यात लोखंडी बाथटबांवर मुलामा चढत असे, आणि तयार झालेला प्रत्येक टब लाकडी हातोडीने ठोकून, कान देऊन, त्यात तडा आहे की नाही हे अल्विन ठरवीत. टब खणखणला तर गिऱ्हाइकाकडे, बद्द वाजला तर भट्टीकडे. मधला निकाल नसे. ही सवय पुढे हातात इतकी मुरली की बाजारातले कलिंगड, शेजाऱ्याची नवी मोटार, काहीही समोर आले की ते बोटाच्या पेराने एकदा ठोकून पाहत. सासऱ्यांच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी शवपेटीही ठोकली. बर्नाडीनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती गोष्ट पुढे कैक वर्षे त्यांना ऐकवली.

परंतु ज्या कारणासाठी त्यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे, ते कारण तळघरात होते.

तेथे, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, हिरव्या बनातीचे एक टेबल होते. हिवाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी त्यावर बेसबॉल चाले. मैदानावरच्या प्रत्येक खऱ्या खेळाडूचा एक पुठ्ठ्याचा पत्ता असे. गेल्या हंगामात तो जसा खेळला, तशी त्याची कुंडली त्या पत्त्यावर छापलेली असे. फासे तीन. पांढरा फासा सांगे की कुंडली फलंदाजाची वाचायची की चेंडू टाकणाऱ्या पिचरची. दोन तांबड्यांची बेरीज सांगे की त्यातली ओळ कोणती. पुढचे सारे दैव. मात्र कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, बेसवर उभ्या असलेल्या गड्याला पुढच्या बेसकडे पळवायचे की जागीच ठेवायचे, हे ठरवण्याचे काम संघाच्या व्यवस्थापकाचे, आणि शहाणपणा व मूर्खपणा यांना तेवढीच काय ती जागा.

व्यवस्थापक चौघे होते. एक अल्विन. दुसरे नॉर्बर्ट डिअर्क्स, सॉसेजचे दुकानदार, अल्विन यांचे शाळेपासूनचे मित्र. तिसरे दंतवैद्य डॉक्टर हालवर लुंडबी. त्यांना अध्यक्ष केले होते, कारण त्यांच्याशी वाद घालताना माणसाचे तोंड बहुधा आधीच उघडे असे. चौथे चर्चमधले ऑर्गनवादक. त्यांचा या हकिकतीशी संबंध नाही.

नियम अल्विन यांनी लिहिले होते. फासे साबणदाणीतूनच टाकावेत (कारखान्याने नाकारलेली एक मुलाम्याची साबणदाणी त्यांनी त्यासाठी रीतसर मागून आणली होती). टेबलाखाली गेलेला फासा फुकट. प्रतिपक्ष विचार करीत असता दुसऱ्याने बोलू नये, सुस्कारा सोडू नये, भुवया हलवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे की प्रत्येक व्यवस्थापकाने जिंकण्यासाठीच खेळावे. या शेवटच्या कलमावर ऑर्गनवादक हसले होते. पुढे ते कोणालाच हसण्यासारखे वाटले नाही.

करंडक म्हणजे जुन्या बाजारातून आणलेला बोलिंगचा पितळी खेळाडू होता. त्याच्या हातात नॉर्बर्ट यांनी सरस लावून एक छोटी बॅट चिकटवली होती, त्यामुळे तो वाकून अंगण झाडतो आहे असे दिसे. खालच्या लाकडी बैठकीवर दरवर्षी विजेत्याच्या नावाची पट्टी बसे. ती पट्टी कोरून आणण्याचे काम चिटणीस या नात्याने अल्विन यांचे. त्यांनी नॉर्बर्टची पट्टी आणली, डॉक्टरांची आणली, ऑर्गनवादकाची दोनदा आणली. स्वतःची आणण्याचा योग येत नव्हता. दरवर्षी दुसरा क्रमांक. ते याविषयी चकार शब्द काढीत नसत. पण करंडकाला पॉलिश करताना बैठकीच्या एका मोकळ्या जागेवरून त्यांचे फडके जरा जास्त वेळ फिरे, हे बर्नाडीनबाईंच्या नजरेतून सुटले नव्हते.

१९८२ च्या जानेवारीत नॉर्बर्ट यांच्या गुडघ्यांनी बर्फापुढे हात टेकले. दुकान जावयाच्या स्वाधीन करून ते ॲरिझोनात राहावयास गेले. जाताना आपली कान झाकणारी लाल टोपी अल्विन यांच्या तळघरातच विसरले. संघ मात्र त्यांनी सोडला नाही. टपालाने खेळण्याची रीत या खेळात जुनीच आहे. पाहुण्या व्यवस्थापकाने आपल्या सूचना लिहून पाठवायच्या आणि यजमानाने घरी एकट्याने बसून दोन्ही बाजूंचे फासे टाकायचे. पाहणारा कोणी नसतो. सारा कारभार सचोटीवर.

आणि त्याच हंगामाच्या अखेरच्या, करंडक ठरवणाऱ्या सामन्यात अल्विन यांच्यासमोर नॉर्बर्ट आले.

इतर लोक सूचना पाठवीत त्या तीन तीन पानांच्या. पिचर थकला तर कोण, पाऊस आला तर काय. नॉर्बर्ट यांचे एक कार्ड आले. पुढे निवडुंगाचे चित्र, मागे एक ओळ: ‘अल, मी जे केलं असतं तेच कर.’

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. अल्विन यांनी ते कार्ड दोनदा वाचले आणि एका नियमनिष्ठ माणसावर किती मोठी जबाबदारी येऊ शकते, या विचाराने ते जेवले नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, ते खाली उतरले. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या. स्वतःचा संघ खेळताना ते आपल्या खुर्चीत बसत. नॉर्बर्टचा संघ खेळताना उठून समोरच्या खुर्चीत जात, लाल टोपी कानांवर ओढत आणि नॉर्बर्टप्रमाणेच पाय पसरून बसत. बाहेर सरोवरावरून बर्फ येत होते. वर स्वयंपाकघरात बर्नाडीनबाई खसखशीचा केक करीत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी जिन्यातून हाक मारली.

“अल्विन, खाली कोण आलंय?”

“कोणी नाही.”

“मग भांडतोयस कोणाशी?”

“नॉर्बर्टशी.”

“तो तर ॲरिझोनात आहे ना?”

“म्हणून तर पंचाईत झालीय!”

सामना शेवटच्या डावात आला. अल्विन चार, नॉर्बर्ट तीन. नॉर्बर्टचे दोन गडी बाद झालेले. तिसरा बाद झाला की त्यांचा खेळ संपला आणि करंडक अल्विन यांचा. तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव मिळवून देणाऱ्या घराच्या बेसपासून एकच टप्पा दूर, नॉर्बर्टचा कॅचर हूबाचेक उभा होता. फलंदाजीला एक सुमार माणूस आलेला. शहाण्या व्यवस्थापकाने येथे त्या सुमार माणसाला बसवून बाकावरचा डावखुरा रेनर पाठवला असता. रेनरची कुंडली उत्तम होती.

अल्विन समोरच्या खुर्चीत गेले, टोपी घातली, पाय पसरले. आणि त्यांच्या मनात जो विचार आला तो इतका भयंकर होता की त्यांनी लगेच टोपी काढली.

“बर्नी! जरा खाली ये. साक्षीदार हवाय.”

“माझे हात पिठाचे आहेत.”

“पिठासकट ये.”

बाई आल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. अल्विन यांनी परिस्थिती सांगितली.

“हूबाचेक कोण?”

“कॅचर. हा एवढा. बेस चोरायच्या रकान्यात त्याला सगळ्यात खालचा शेरा आहे. गेल्या अख्ख्या हंगामात तो एकदाही पळालेला नाही.”

“मग त्याला पळवायचं कशाला?”

“मी कुठे पळवतोय? प्रश्न असा आहे, नॉर्बर्टने पळवला असता का? पिचर चेंडू टाकतोय तेवढ्यात तिसऱ्यावरून थेट घर गाठायचं. हरणासारखी माणसंसुद्धा या भानगडीत पडत नाहीत.”

“आणि पळवला तर?”

“दोन्ही तांबड्यांवर एक-एक पडला तर पोहोचला. नाहीतर बाद. सामना संपला, करंडक माझा.”

“अरे, मग पळव की! वाट कसली बघतोस?”

“तीच तर अडचण! उद्या कोणी म्हणालं, यात अल्विनचा फायदा होता म्हणून त्याने हूबाचेकला पळवला, तर? आणि नाही पळवला, शहाण्यासारखा रेनर पाठवला, तर तो नॉर्बर्ट कसला?”

बाईंनी हात पदराला, म्हणजे त्यांच्या कमरेच्या ॲप्रनला, पुसले.

“अल्विन, नॉर्बर्टने बोट विकत घेतली तेव्हा ती ओढायला त्याच्याकडे गाडी होती?”

“नव्हती.”

“लग्नानंतर दोघं नायगरा बघायला निघाली होती. कुठं पोहोचली?”

“केंटकीला.”

“आणि तू मला विचारतोस!”

यावर अपील नव्हते. अल्विन यांनी टोपी पुन्हा कानांवर ओढली, साबणदाणी हलवली आणि टाकली. एक तांबडा फासा चटकन बसला: एक. दुसरा बनातीवर भिंगरीसारखा फिरत राहिला, कडेपर्यंत गेला, परत आला आणि बसला: एक.

बर्नाडीनबाई शपथेवर सांगत की त्या क्षणी अल्विन दोन्ही हात वर करून “पोहोचला! पोहोचला रे हूबाचेक!” असे ओरडले. मग त्यांनी टोपी काढली, टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांचा चेहरा पडला.

बरोबरी झाली. पुढच्याच फाशांवर त्या सुमार फलंदाजाने चेंडू मैदानाबाहेर धाडून होमरन ठोकला. अल्विन यांचे तिन्ही गडी ओळीने बाद झाले. नॉर्बर्ट पाच, अल्विन चार. त्यांनी सामन्याचा अहवाल स्वच्छ अक्षरात लिहिला, टपालात टाकला आणि वर येऊन केकचा एक तुकडा मागितला.

अहवाल पोहोचला त्याच दिवशी, भर दुपारी, फोनचा दर सर्वांत महाग असतो त्या वेळी, घंटा वाजली.

“अल, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“अभिनंदन, नॉर्ब.”

“खड्ड्यात गेलं तुझं अभिनंदन! हूबाचेकला पळवलास? अरे, त्याला बसमधून उतरवायला दोन माणसं लागतात!”

“तू लिहिलं होतंस, तू जे केलं असतंस तेच...”

“मी हे केलं असतं? मी? रेनर बाकावर बसून शेंगा खात होता! मी रेनरला पाठवला असता. कोणीही शहाणा माणूस पाठवेल.”

“शहाणा माणूस पाठवेल, हे मला मान्य आहे.”



“अल्विन केसेनिक, तू मला मूर्ख म्हणतोयस.”

“मी तुला विजेता म्हणतोय.”

“असला विजय मला नको. लिही, डिअर्क्स हरला.”

“तसं लिहिता येत नाही. फासे पडलेत.”

“मग ते फासे उचल आणि तुझ्या त्या साबणदाणीत घाल!”

जगात भांडणे आपल्या जयासाठी होतात. या दोघांनी दुसऱ्याच्या जयासाठी मार्च महिना भांडून काढला. शेवटी प्रकरण अध्यक्षांकडे गेले. अल्विन यांना तेव्हा दाढ भरून घ्यायची होती. तोंडात कापसाचे बोळे असताना त्यांनी आपली बाजू मांडली, त्यामुळे ती काहीशी दुबळी पडली.

“नॉर्बर्टने काय केलं असतं, हे नॉर्बर्टच सांगू शकतो,” यंत्र थांबवून डॉक्टर म्हणाले. “ऑगस्टमध्ये सॉसेजच्या जत्रेला तो येणारच आहे. हूबाचेक तिसऱ्या बेसवर, दोन बाद, तिथून पुढे समोरासमोर खेळा. आता थुंका.”

अल्विन यांनी हूबाचेकला पुन्हा तिसऱ्या बेसवर मांडले, आणि आता ऑगस्टपर्यंत टेबल जसेच्या तसे राखणे भाग होते. पत्ते हलू नयेत, धूळ बसू नये, म्हणून अल्विन यांनी बर्नाडीनबाईंचे काचेचे केकचे झाकण आणून त्या मांडणीवर ठेवले, पेराने ठोकून पाहिले आणि समाधानाने वर गेले. झाकण बाईंच्या आईचे होते. ईस्टरला त्यांचा खसखशीचा केक भांडी घासायच्या पातेल्याखाली झाकून वाढला गेला.

“आमच्याकडे काचेचं झाकण आहे,” त्या पाहुण्यांना सांगत. “पण सध्या त्याच्याखाली एक लठ्ठ माणूस पळायची वाट बघतोय.”

ऑगस्टात नॉर्बर्ट आले. उन्हाने तांबूस झालेले, गुडघे पुष्कळ बरे, काखेत जावयाच्या दुकानातले सॉसेज. तळघरात डॉक्टर अध्यक्ष म्हणून बसले. बर्नाडीनबाई आपले झाकण परत घेण्यासाठी जिन्यावर येऊन थांबल्या. अल्विन यांनी झाकण उचलले. नॉर्बर्ट समोरच्या खुर्चीत बसले. टोपी तेथेच होती, पण उकाडा असल्यामुळे त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली.

“रेनर,” ते लगेच म्हणाले, आणि रेनरचा पत्ता त्यांनी फलंदाजाच्या जागी ठेवला. मग अल्विनकडे पाहिले. “बघितलंस? एवढं सोपं आहे ते.”

अल्विन यांनी नियमाप्रमाणे भुवई हलवली नाही.

नॉर्बर्ट यांनी साबणदाणी उचलली, खुळखुळवली, खाली ठेवली. त्यांची नजर तिसऱ्या बेसवर गेली.

“हा तेव्हापासून इथेच उभा आहे?”

नियमाप्रमाणे कोणी उत्तर दिले नाही.

“मार्चपासून? काचेखाली?” त्यांनी हूबाचेकचा पत्ता बोटाने जरा सरळ केला. “आणि तुझा पिचर तिकडे बघतसुद्धा नाहीये. कोण बघेल? कोणाच्या स्वप्नात तरी येईल का, की हा...”

त्यांनी रेनरचा पत्ता उचलला, हातात धरला, परत ठेवला, पुन्हा उचलला. तळघरात धुण्याच्या यंत्राचा नळ ठिबकत होता. अल्विन यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. कारण त्यांना समोरच्या चेहऱ्यावर काय येते आहे ते स्पष्ट दिसू लागले होते, आणि करंडकासाठी ते हवेसे वाटत होते, की आपण बरोबर होतो म्हणून, हे त्यांचे त्यांना उमगत नव्हते.

“पळ!” नॉर्बर्ट ओरडले आणि साबणदाणी उपडी केली.

“केंटकी,” जिन्यावरून बर्नाडीनबाई म्हणाल्या.

फासे पडले: पाच आणि दोन. हूबाचेक बाद झाला, इतका आधी बाद झाला की घराचा बेस त्याला दिसलाही नसता. अल्विन चार, नॉर्बर्ट तीन. डॉक्टरांनी उभे राहून अल्विनशी हस्तांदोलन केले. आयुष्यात प्रथमच विजेते झालेले अल्विन हसण्यासाठी तोंड उघडणार, तोच नॉर्बर्ट खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले,

“मुद्दामच पळवला मी.”

“मुद्दाम म्हणजे?”

“मुद्दाम म्हणजे मुद्दाम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या कोरून आणतोस. म्हटलं, एकदा तुझीही होऊन जाऊ दे.”

नॉर्बर्ट यांची कोंडी समजण्यासारखी आहे. खरोखर पळवला म्हणावे, तर मार्चभर भांडलेल्या भांडणात ते मूर्ख ठरत होते. त्यापेक्षा त्यांनी उदार ठरणे पत्करले. पण अल्विन यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. प्रत्येक व्यवस्थापकाने जिंकण्यासाठीच खेळावे. मित्राने दिलेला विजय हा विजय नव्हे; तो बद्द वाजणारा टब.

“नॉर्ब, खरं सांग. मुद्दाम, की...?”

“सॉसेज करपतील,” नॉर्बर्ट म्हणाले आणि गुडघे सांभाळत वर गेले. बर्नाडीनबाई झाकण पोटाशी धरून त्यांच्यामागून गेल्या.

अल्विन यांनी पट्टी आणली, पण तिच्यावर केवळ ‘१९८२’ कोरून आणले. नावाची जागा कोरी. त्यानंतर ते आणखी पुष्कळ हंगाम खेळले आणि दुसरेही आले नाहीत. दर नाताळला ॲरिझोनाला जाणाऱ्या त्यांच्या शुभेच्छापत्राच्या तळाशी एकच प्रश्न असे: ‘मुद्दाम की नाही?’ नॉर्बर्ट कधी लिहीत, ‘तुला काय वाटतं?’, कधी, ‘वकिलाशी बोलून कळवतो.’ एका वर्षी त्यांनी नुसता निवडुंग पाठवला. या उत्तरांनी माणसाचा जीव किती टांगणीला लागला आहे, हे नॉर्बर्ट यांना ठाऊक होते की नाही, सांगता येत नाही. करंडकावरची ती कोरी जागा अल्विन दर शनिवारी पुसत. तिच्यावर नाव घालावे असे बर्नाडीनबाईंनी, डॉक्टरांनी, अगदी ऑर्गनवादकांनीही सुचवून पाहिले.

“निकाल लागलेला नाही,” एवढेच ते म्हणत.

१९९६ च्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असता, झोपेतच ते गेले. नॉर्बर्ट आले. शवपेटीजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मग, आजूबाजूला पाहून, पेराने ती हलकेच ठोकली.

“कशी वाटते?” मागून बर्नाडीनबाईंनी विचारले.

“खणखणीत.”

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होते: हॅम, बटाट्याचे सॅलड, कडक पाव, आणि काचेच्या झाकणाखाली खसखशीचा केक. नॉर्बर्ट पावात हॅम भरत असता बाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. शेजारी डॉक्टर लुंडबी. वयाने वाकलेले, पण अजूनही अध्यक्ष.

“नॉर्बर्ट, आता तरी सांग. तो विचारायला येणार नाही. मुद्दाम पळवलास का?”

नॉर्बर्ट यांनी पाव खाली ठेवला. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले, केककडे पाहिले, आणि चौतीस सालच्या शाळकरी मुलासारखे ते कानांपर्यंत लाल झाले.

“बर्नी, खरं सांगू? मला वाटलं, तो पोहोचेल.”

डॉक्टरांनी तोंडातला घास गिळला. “म्हणजे जिंकण्यासाठीच खेळलास?”

“मग काय हरण्यासाठी? पिचरचं लक्षच नव्हतं!”

“नोंद करा,” डॉक्टर म्हणाले. नोंद करणारा चिटणीस आता नव्हता, म्हणून ती त्यांनी स्वतःच कागदी रुमालावर केली.

त्याप्रमाणे पट्टी काढून पुन्हा कोरून आणली गेली: १९८२, अ. ह्यू. केसेनिक. ती नॉर्बर्ट यांनी स्वतः नेऊन आणली; कोरणाऱ्याने ‘केसेनिक’मधले एक अक्षर गाळले होते, ते त्याच्याकडून पुन्हा बसवून घेतल्याशिवाय ते दुकानातून हलले नाहीत. करंडक बर्नाडीनबाईंनी दिवाणखान्यात ठेवण्यास नकार दिला, तेव्हा तो डॉक्टरांच्या दवाखान्यात, वाट पाहणाऱ्या रोग्यांसमोर ठेवण्यात आला. पत्ते आणि साबणदाणी ऑर्गनवादकांकडे गेली.

लाल टोपी तेवढी नॉर्बर्ट या खेपेसही विसरले. ती अजून परत करावयाची आहे.